सोमवारी दुखणारं पोट

तिसरीच्या वर्गात सोमवारी एखादं तरी पोट दुखतं. हजेरी संपता संपता मधल्या रांगेतून हात वर येतो, बाई म्हणतात पाणी पी, जरा डोकं टेकून बस. अकरापर्यंत बहुतेक पोटं थांबतात आणि धडा पुढे सरकतो. पण एकच पोट सलग चार सोमवार दुखलं, तेही पाढे म्हणून घेण्याच्या तासाआधी, तर त्या मुलाला काहीतरी सांगायचं आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलाला भीती वाटते, पण ती शब्दांत मांडता येत नाही. "मला काळजी लागून राहिली आहे" असं तिसरीतलं मूल म्हणत नाही. त्याचं पोट दुखतं, डोकं दुखतं, चड्डी ओली होते, नाहीतर शेजारच्याच्या दंडावर दात उमटतात. आणि पोटदुखीचं हे नाटक असतं, असंही समजू नये. घाबरल्यावर शरीर पळायच्या तयारीला लागतं, पचनाचं काम विस्कटतं, पोटात गोळा येतो. कळ खरी असते, तिचं मूळ तेवढं पोटात नसतं.

या एका पोटदुखीचा माग काढायचा आहे: बाकापासून बाईंच्या वहीपर्यंत, तिथून घरापर्यंत, गरज पडली तर दवाखान्यापर्यंत आणि परत बाकापर्यंत. त्यासाठी जागा घेतली आहे बेंगळुरूचं शिवाजीनगर.

पुण्याचं शिवाजीनगर क्षणभर बाजूला ठेवा. हे बेंगळुरूच्या जुन्या छावणीतलं, पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखलं जाणारं. इंग्रजांनी 1809 मध्ये इथे लष्करी तळ वसवला आणि त्याच्या आसऱ्याने बाजार वाढला. शहाजीराजांची बेंगळुरूची जहागीर ती पश्चिमेकडच्या किल्ल्याची आणि पेठेची, त्यामुळे शिवाजी महाराजांचं नाव या भागाला लागलं ते फार नंतर. आज इथे 1927 चं रसेल मार्केट आहे, सेंट मेरी बॅसिलिका आहे, बोरिंग हॉस्पिटल आहे, अखंड गजबजलेला बसस्टँड आहे आणि गल्लीगल्लीत मोटारींचे जुने सुटे भाग विकणारी दुकानं आहेत. घरात दखनी उर्दू किंवा तमिळ, रस्त्यावर कन्नड, आणि शाळेच्या पाटीवर उर्दू, तमिळ, कन्नड, इंग्रजी यांपैकी कुठलंही माध्यम. (दखनी आपल्याला अर्धीमुर्धी कळतेच. इथलं पोर ताटावरून उठताना "नक्को" म्हणालं तर मराठी माणसाला दुभाषा लागत नाही.)

हाच भाग निवडायचं कारण भूगोलात आहे. इथून सातआठ किलोमीटरवर होसूर रोडला निम्हान्स आहे, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्था. म्हैसूर संस्थानच्या काळापासूनचं मनोरुग्णालय आणि 1954 मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था 1974 मध्ये एकत्र आल्या आणि ती उभी राहिली. मनाच्या आजारांवर काम करणारी देशातली सगळ्यांत नावाजलेली संस्था ती हीच, आणि मुलांसाठी तिथे स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे शिवाजीनगरच्या पोराला दवाखाना लांब पडतो असं म्हणायची सोय नाही. तरीही बाकापासून तिथपर्यंतची वाट बहुतेक मुलं चालत नाहीत. ती नेमकी कुठे तुटते हे पाहण्यासारखं आहे.

याच शहरातल्या मुलांचा एक मोठा अभ्यास निम्हान्सच्या डॉक्टरांनी केला आणि तो 2005 मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला. शहरातली मध्यमवर्गीय वस्ती, झोपडपट्टी आणि आसपासची खेडी अशा तिन्ही ठिकाणची सोळा वर्षांपर्यंतची 2,064 मुलं त्यांनी तपासली. साधारण साडेबारा टक्के मुलांमध्ये निदान करता येईल असा मानसिक त्रास आढळला, आणि तिन्ही वस्त्यांत त्याचं प्रमाण फारसं वेगळं नव्हतं. साडेबारा टक्के म्हणजे आठांत एक, चाळीसच्या वर्गात पाच. चार वर्षांपुढच्या मुलांत जास्त दिसलेल्या गोष्टी अशा: अंथरूण ओलं होणं, एखाद्या ठरावीक गोष्टीची प्रचंड भीती, अतिचंचलपणा, तोतरेपणा, सतत उलट वागणं. यात घाबरून जावं अशी मोठी नावं जवळपास नाहीत. कुठल्याही प्राथमिक शाळेतल्या बाईंनी ही सगळी मुलं पाहिलेली असतात, फक्त त्यांना "आजार" म्हणून पाहिलेलं नसतं. घरांनीही नाही: या अभ्यासात कुटुंबांना विचारलं तेव्हा जेमतेम 37.5 टक्के घरांना आपल्या मुलाला काही अडचण आहे असं वाटत होतं.

वाट तुटते ती इथे, दवाखान्याच्या कितीतरी अलीकडे. मुलाला घराबाहेर रोज पाचसहा तास पाहणारं मोठं माणूस एकच, ते म्हणजे वर्गशिक्षक. त्यामुळे सगळी भिस्त त्यांच्या नजरेवर येते. निम्हान्सच्याच मानसशास्त्रज्ञ मालविका कपूर यांनी भारतीय शाळांमधल्या मानसिक आरोग्यावर 1997 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. शिक्षकाला थोडं शिकवलं तर तो मूल वेळेत ओळखू शकतो आणि बरंचसं वर्गातच सांभाळूही शकतो, या दिशेने त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. सरकारी योजना मात्र पौगंडावस्थेकडे जास्त झुकलेल्या आहेत. आयुष्मान भारतखाली 2020 मध्ये आलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना "आरोग्यदूत" करायचं ठरलं, पण सुरुवात उच्च प्राथमिकपासून. पहिली ते पाचवीच्या पोटदुख्या पुन्हा ओवा आणि पाण्यावरच.

आता कामाकडे वळू. मुलाला त्रास होण्याआधीचं काम सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत कमी दिसणारं असतं. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यात कलम 17 ने मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. कलम 29 फारसं कुणी वाचत नाही. अभ्यासक्रम कसा असावा हे सांगताना त्यात लिहिलं आहे की मूल भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहावं आणि त्याला आपलं म्हणणं मोकळेपणी मांडता यावं. म्हणजे भीतीमुक्त वर्ग ही हौस नाही, कायद्यातलं काम आहे. मराठीला ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं. दोघींनीही मुलाच्या भीतीला अभ्यासाइतकंच गंभीरपणे घेतलं.

भीती कमी होते ती लहान लहान व्यवस्थांनी. आजचे तास कोणते हे सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं. पुढे काय येणार हे कळलं की घाबरट मूल अर्धं सावरतं. बाई उद्या येणार नसतील तर आदल्या दिवशी सांगायचं. लघवीला जायला परवानगी मागावी लागू नये, एखादी लाकडी पट्टी दाराजवळ टांगावी आणि ती उचलून जावं. शिवाजीनगरसारख्या दाट वस्तीत शाळेच्या इमारती जुन्या, संडास अपुरे, कधी पाणी नसतं. मुली दिवसभर थांबवून धरतात, त्यातून लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, आणि मग वर्गात चड्डी ओली होणं. इथे समुपदेशनाआधी प्लंबर लागतो. जेवणाचंही तसंच. दुपारचं जेवण, दूध, अंडी या कर्नाटकातल्या योजना पोषणाच्या खात्यात मोडतात, पण उपाशी मुलाचा चिडकेपणा आणि रक्त कमी असलेल्या मुलाची मरगळ वर्गात "वागणूक" म्हणूनच नोंदली जाते. मानसिक आरोग्य सप्ताहातल्या पोस्टर स्पर्धेपेक्षा संडासाची कडी दुरुस्त होणं मला जास्त मोलाचं वाटतं.

एवढं करूनही काही मुलांना त्रास होणारच. तिथे बाईंचं पहिलं हत्यार म्हणजे साधी दोनशे पानी वही.

वहीचा नियम एकच: विशेषणं लिहायची नाहीत, घडलेलं लिहायचं. "आळशी", "हट्टी", "लक्ष नाही" हे शब्द वापरले की बाईंचा वैताग कळतो, मुलाचं काही कळत नाही. त्याऐवजी असं: "सोमवार. पाढ्यांच्या तासाआधी दहा मिनिटं पोट दुखतं म्हणाला. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं. तास संपल्यावर खेळायला गेला, दुखणं नाही." चार ओळी. पण यात तीन गोष्टी आल्या: आधी काय होतं, काय घडलं, आणि नंतर काय झालं. तिसरी गोष्ट सहसा सुटते आणि तीच सगळ्यांत बोलकी असते. मुलाला बाहेर बसवलं आणि पाढे टळले. पुढच्या सोमवारी पोट आणखी लवकर दुखणार, कारण दुखण्याने सुटका होते हे शरीर शिकलं. बाईंनी माया दाखवली आणि नकळत भीतीला खतपाणी मिळालं. याचा अर्थ माया आवरायची असा नाही, सुटका वेगळ्या मार्गाने द्यायची. त्याकडे पुढे येऊ.

दोन आठवडे असं लिहिलं की मुलाचं वागणं आकार घेतं. किती वेळा? कुठल्या तासाला? फक्त शाळेत की घरीही? मित्र आहेत का, मधल्या सुट्टीत काय करतो? आधी येत होतं ते आता येईनासं झालं का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. पहिल्यापासून अबोल असलेली मुलगी वेगळी आणि दिवाळीपर्यंत बडबडणारी पण जानेवारीत गप्प झालेली वेगळी. दुसरीबाबत लगेच चौकशी करावी. वही कपाटात कुलपात ठेवायची. शिक्षकखोलीत मोठ्याने वाचायची नाही.

ज्यांना आणखी पद्धतशीर जायचं आहे त्यांच्यासाठी रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने केलेली पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, इंग्रजीत तिला एसडीक्यू म्हणतात. चिंता, वागणूक, चंचलपणा, सवंगड्यांशी नातं आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती असे पाच गट, प्रत्येकात पाच वाक्यं. शिक्षक भरू शकतात, पालकही. मात्र तिने निदान होत नाही. कुणाकडे जास्त लक्ष द्यावं एवढंच कळतं. गुण पाहून मुलाला नाव चिकटवणं हा तिचा सर्वांत वाईट उपयोग.

मन तपासण्याआधी शरीर तपासायचं. फळा दिसतो का? ऐकू येतं का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे आणि त्यात वैद्यकीय पथकाने वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलं तपासायची असतात. दृष्टी, श्रवण, रक्तक्षय यांबरोबर शिकण्यातल्या अडचणी आणि अतिचंचलपणाही त्यांच्या यादीत आहेत. पथक येतं त्या दिवशी बाईंनी वही घेऊन उभं राहावं आणि तीन नावं पुढे करावीत. एरवी चारशे मुलांची रांग वजनकाट्यावरून सरकते आणि संपते.

झोपही पाहायची. या वयाला नऊ ते बारा तास लागतात. शिवाजीनगरचा बाजार उशिरापर्यंत जागा असतो, एका खोलीत सहाजण, टीव्ही नाहीतर मोबाईल चालू. रमजानमधल्या रात्री असोत किंवा 8 सप्टेंबरच्या सेंट मेरीच्या जत्रेआधीचे दिवस, सगळी वस्तीच जागते, आणि त्या आठवड्यांत वर्गातली चिडचिड वाढली तर तिचं कारण मानसशास्त्रात शोधू नये. आणि भाषा. घरी दखनी किंवा तमिळ बोलणारं मूल इंग्रजी शाळेत पडलं की काही महिने गप्प राहू शकतं. ते ऐकत असतं, साठवत असतं. अशा मुलावर "मंद" शिक्का मारणं सोपं, आणि फार घातक. अक्षर ओळखण्यातला खरा दोष, म्हणजे डिस्लेक्सियासारखी अडचण, साधारण सातआठ वर्षांच्या आधी खात्रीने सांगताही येत नाही. म्हणून तपासताना आधी मुलाला त्याच्या घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लावायची. तिथे गाडी धावली तर अडचण भाषेची.

करोनाची पुस्ती इथे जोडायला हवी. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग 25 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा उघडले, दीड वर्षाहून जास्त काळाने. पहिलीत बसायला, रांगेत थांबायला, आईचा हात सोडायला शिकायचं वय त्या मुलांनी खोलीत काढलं. त्या तुकड्या पुढे सरकल्या, पण मागे राहिलेलं काही आपोआप भरून येत नाही.

आता मुलाशी बोलणं. समोर बसवून "काय झालं? का असं करतोस?" विचारलं की मूल चपलेकडे बघतं. "का" या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नसतंच. त्यापेक्षा दोघांनी मिळून वह्यांचे गठ्ठे लावावेत, खडूचे तुकडे निवडावेत, आणि हात कामात असताना बोलावं. "सोमवारी पोट दुखतं तेव्हा कुठल्या बाजूला दुखतं? कधी थांबतं?" शरीरापासून सुरुवात केली की मूल उत्तर देऊ शकतं. चित्रही चालतं: शाळेचा नकाशा काढ, जिथे छान वाटतं तिथे हिरवा रंग, नको वाटतं तिथे लाल. लाल रंग कधी संडासावर येतो, कधी जिन्यावर, कधी एखाद्या बाकावर, आणि मग कोण मारतं ते कळतं. निम्हान्समध्ये 2020 पासून केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या पाठबळावर चालणारा "संवाद" हा उपक्रम मुलांबरोबर काम करणाऱ्यांना असं बोलणंच शिकवतो.

एक वचन मात्र कधीच द्यायचं नाही: "कुणाला सांगणार नाही." द्यायचं ते असं: "उगाच कुणाला सांगणार नाही. पण तुला कुणी इजा करत असेल तर ते थांबवण्यासाठी मला एकदोघांना सांगावं लागेल." लैंगिक अत्याचाराची शंका आली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. तिथे शाळेने आपली चौकशी समिती नेमत बसायचं नसतं, मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावायचं नसतं. 1098 हा मुलांसाठीचा मदतक्रमांक अशाच वेळेसाठी आहे.

घराशी बोलण्याची पायरी सगळ्यांत निसरडी. शिवाजीनगरातली आई दोन घरची कामं करते, बाप रिक्षावर नाहीतर मार्केटात. शाळेचं बोलावणं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गेली आणि तक्रार ऐकावी लागणार. म्हणून निरोप तक्रारीचा नसावा. "तुमच्या मुलाबद्दल मला तुमच्याकडून शिकायचं आहे, पाच मिनिटं, सकाळी सोडायला याल तेव्हा." सुरुवात मुलाच्या एखाद्या खऱ्या चांगल्या गोष्टीने, मग वहीतल्या दोन नोंदी, मग प्रश्न: "घरी असं दिसतं का? तुम्ही काय करता?" "मानसिक" हा शब्द पहिल्या भेटीत काढायचं काही कारण नाही. "पाढ्यांची भीती बसली आहे, ती काढू या" हे आईला कळतं, आणि ते खरंही आहे. दर्ग्यावर किंवा चर्चला नेलं असेल तर त्यावर हसू नये. घराला काळजी आहे याचाच तो पुरावा. "तेही करा, हेही करू" म्हटलं की दार उघडं राहतं. घर कधीकधी मार हाच उपाय सांगतं: "टीचर, चार द्या, सरळ होईल." त्यावर व्याख्यान देऊन फायदा नसतो. "मागच्या महिन्यात दिले होते ना घरी, मग थांबलं का?" एवढं विचारावं.

वर्गातले बदल हा या सगळ्याचा गाभा, आणि बहुतेक मुलांचं काम इथेच भागतं. आपल्या पोटदुखीवाल्याला पाढ्यांपासून सुटका नको, पाढ्यांकडे जाण्याची चढण कमी करायला हवी. पहिला आठवडा त्याने पाढा लिहून दाखवायचा. दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्याबरोबर हळू आवाजात. मग फक्त बाईंना. मग चौघांच्या गटात. पोट दुखलं तर: "दुखतंय हे खरं. दहा खोल श्वास घे, पाणी पी, आणि इथेच बस." बाहेर पाठवायचं नाही. भीतीपासून दूर नेलं की ती वाढते, छोट्या पायऱ्यांनी जवळ नेलं की ओसरते. चिंतेवरच्या उपचाराचा हा पायाच आहे आणि त्याला पदवी लागत नाही.

तोतरं बोलणाऱ्या मुलाचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, "सावकाश बोल" असंही म्हणायचं नाही, थांबायचं. एकट्याने उभं राहून वाचन सक्तीचं नको. पण एक गंमत आहे: सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतो तेव्हा हीच मुलं बहुधा अडखळत नाहीत. आपल्याकडच्या घोकंपट्टीला इतक्या शिव्या पडतात, तिचा हा एक गुण लक्षात ठेवावा. चड्डी ओली होणाऱ्या मुलाला दर दोन तासांनी, मागण्याआधीच, पाठवायचं. दप्तरात जादा चड्डी. आणि प्रकार घडलाच तर पाण्याची बाटली सांडल्याचं निमित्त करून फरशी पुसून घ्यायची. रात्री अंथरूण ओलं होणं पाच वर्षांपर्यंत आजारच मानत नाहीत, त्यानंतरही ते अनेकदा घराण्यात चालत आलेलं असतं. मूल मुद्दाम करत नाही, हे आईला एकदा सांगितलं तरी घरातला निम्मा मार थांबतो. अतिचंचल मुलाला पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब. काम तुकड्यांत, पाच गणितं झाली की दाखव. आणि दर अर्ध्या तासाला खडू आणायला, हजेरीपट नेऊन द्यायला कायदेशीर निमित्ताने पळवायचं. त्याला दिवसभर मिळणाऱ्या सूचना एकदा मोजून पाहाव्यात. त्यात "नको" किती आणि "वा" किती?

सहाआठ आठवड्यांत फरक पडला नाही, त्रास वाढला, मूल जेवेनासं किंवा झोपेनासं झालं, तर पुढची पायरी. स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर मात्र आठवडे मोजायचे नाहीत, त्याच दिवशी न्यायचं. शिवाजीनगरात जवळचं ठिकाण बोरिंग. ते आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, मनोविकार विभागासकट. गुंतागुंतीच्या मुलांसाठी निम्हान्स. जायच्या आधी कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा: 14416, चोवीस तास, फुकट. 10 ऑक्टोबर 2022 ला ती निम्हान्समधूनच सुरू झाली. ती देशभर चालते आणि मराठीतही बोलता येतं, म्हणजे हा लेख परभणीत किंवा बेळगावात वाचणाऱ्यालाही तोच क्रमांक.

पालकांच्या हातात शाळेची एक चिठ्ठी हवी. तज्ज्ञाला मूल अर्धा तास दिसतं, बाईंना वर्षभर. चिठ्ठी अशी: "हा मुलगा तिसरीत आहे. जूनपासून आठवड्यात दोनतीनदा, तोंडी पाढ्यांआधी पोट दुखतं म्हणतो. रविवारी दुखत नाही असं आई सांगते. वाचन वयाप्रमाणे, दोन मित्र, खेळात रमतो. सहा आठवडे पायऱ्यापायऱ्यांनी पाढे घेतले, त्रास कमी झाला पण गेल्या पंधरवड्यात शाळेलाच यायला नको म्हणतो." निदान लिहायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. आणि आईला आधीच सांगून ठेवायचं की तिथे खूप प्रश्न विचारतील, मुलाला खेळायला, चित्र काढायला देतील, कदाचित दोनतीन फेऱ्या होतील, आणि पहिल्याच दिवशी गोळी मिळाली नाही म्हणजे काही केलं नाही असं नव्हे. या वयात उपचार बरेचदा पालकांशी आणि शाळेशी बोलण्यातूनच चालतात. हे माहीत नसलं की पहिल्या फेरीनंतर घर परत फिरकत नाही.

शाळेलाच नको म्हणणाऱ्या मुलाला "बरं वाटेपर्यंत घरी राहू दे" हा सल्ला गोड वाटतो आणि सहसा अंगाशी येतो. जितके दिवस घरी, तितकं फाटक उंच. रोज एक तास आलं तरी चालेल, वर्गात नको तर वाचनकोपऱ्यात बसावं, पण यावं. परत आल्यावर सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवून स्वागत करू नये. "तुझी जागा तिथेच आहे, काल आपण सत्तावीस पान केलं" एवढं पुरे.

हे सगळं बाईंनी करायचं का, हा प्रश्न रास्त आहे. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला असला तरी निवडणूक, जनगणना, माहिती भरणं हे सगळं त्याच माणसाच्या खांद्यावर. गोव्याच्या संगत या संस्थेने बिहारमधल्या 74 सरकारी माध्यमिक शाळांत "सेहेर" नावाचा एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष लॅन्सेटने छापले. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी चालवला, काही शाळांत खास नेमलेल्या, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांची दादागिरी आणि उदासी कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत काही फरक दिसला नाही. या शाळा मोठ्या मुलांच्या, तरी मी त्यातून एवढं घेतो की पाहणं, लिहिणं आणि वर्गातला बदल हे शिक्षकाचं. त्यापुढचं, घरी जाणं, दवाखान्यात सोबत करणं, पाठपुरावा, यासाठी पाचसहा शाळांमागे एक तरी माणूस पगारावर हवा. शिवाजीनगरात तर तो दखनी आणि तमिळ बोलणारा हवा. आठांत एक हा आकडा पाहिला तर ही चैन म्हणता येणार नाही.

राहिली वही. एप्रिलमध्ये वर्ष संपतं, मूल चौथीत जातं आणि नव्या बाईंसमोर सगळं शून्यापासून सुरू होतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात प्रत्येक अशा मुलाचं एक पान करायचं: कशाने त्रास होतो, कशाने सावरतो, कोण मित्र, घरचं कोण बोलतं, पुढची तारीख कधी. घरातली भांडणं, बापाची दारू, आईने विश्वासाने सांगितलेलं काही त्या पानावर जात नाही. ते तिसरीच्या बाईंपाशीच राहतं. पान देताना दोघींनी दहा मिनिटं बसून बोलावं, आणि शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात एकदा पुन्हा विचारावं, कारण पहिल्या आठवड्यात नव्या वर्गात सगळीच मुलं शहाणी असतात.